नाव एक, घड्याळं दोन: एकाच नावाच्या गावांच्या वेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नाशिकच्या घरी दिनदर्शिकेशेजारी दोन घड्याळं टांगलेली आहेत. दुसऱ्याखाली आईने चिठ्ठी चिकटवली आहे, 'लंडन, कॅनडावालं'. त्यातलं 'कॅनडावालं' नंतर वेगळ्या पेनाने लिहिलेलं आहे. ते का लिहावं लागलं, हे प्रश्न ३ मध्ये येईल.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज आणि मुलाखतींची तयारी हे माझं रोजचं काम. त्यामुळे गंगापूर रोड, सिडको, ओझर, निफाड अशा सगळीकडून पालकांचे निरोप येतात आणि त्यातले निम्मे वेळेबद्दलच असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुलाखत हुकली की मुलाचं अख्खं वर्ष पणाला लागतं, म्हणून उत्तरं सविस्तर दिली आहेत.

१. फोनमध्ये टाइम झोन निवडताना नाशिक नाही, मुंबईही नाही, कोलकाताच दिसतं. ते निवडलं तर वेळ चुकेल का?

नाही, खुशाल निवडा. भारतभर घड्याळ एकच आहे. ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेलं आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या, आणि जीएमटीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे चालतं. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आहे. फोन आणि संगणक जगभरच्या वेळांची एक सामाईक यादी वापरतात. तिच्यात प्रत्येक विभागाला खंडाचं आणि तिथल्या एका मोठ्या शहराचं नाव असतं. भारताच्या वाट्याला 'एशिया/कोलकाता' आलं. जुन्या यंत्रांत 'कॅलकटा' दिसेल, तेही हेच.

सूर्य मात्र घड्याळाचं ऐकत नाही. नाशिक साधारण ७३.८ अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. हा मुद्दा प्रश्न १२ मध्ये उपयोगी पडेल.

२. दोन गावांचं नाव एकच असलं की वेळ वेगळी असतेच का?

नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी दोन आहेत, एक मिसुरी राज्यात आणि एक कॅन्ससमध्ये. दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि वेळ एकच. ओहायोतलं कोलंबस आणि इंडियानातलं कोलंबस यांच्या घड्याळांतही फरक नाही.

पण ओरेगॉनमधलं पोर्टलँड आणि मेनमधलं पोर्टलँड यांच्यात तीन तासांचं अंतर आहे. नाशिकहून हिवाळ्यात पहिलं साडेतेरा तास मागे आणि दुसरं साडेदहा तास मागे. दोन्ही अमेरिकेतच, त्यामुळे 'अमेरिकेतलं पोर्टलँड' एवढं सांगून भागत नाही, राज्य विचारावंच लागतं. सर्वांत लहान फरक आपल्या शेजारचा आहे. तेलंगणातलं हैदराबाद आणि पाकिस्तानातल्या सिंधमधलं हैदराबाद यांच्यात फक्त अर्धा तास. अर्ध्या तासाची चूक मोठ्या चुकीपेक्षा उशिरा लक्षात येते, म्हणून ती जास्त सांभाळावी.

३. ताई, मुलगी लंडनला आहे. फोनमधलं लंडनचं घड्याळ बघून फोन केला तर ती झोपेत होती. असं कसं?

हे आमच्या घरात घडलेलं आहे. माझी धाकटी बहीण कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या लंडनला गेली, तेव्हा आईच्या फोनमध्ये 'लंडन' मीच लावून दिलं होतं. यादीत पहिलं आलं ते ब्रिटनचं, आणि मी पुढे पाहिलं नाही. जानेवारीतली दुपार होती. जेवणं आवरून आईने अडीच वाजता फोन हातात घेतला, लंडनला सकाळचे नऊ दिसले आणि तिने बहिणीला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. पहाटे चारला माहेरचा फोन आला की मनात काय येतं, हे लेक परदेशी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिली दोन मिनिटं ती फक्त 'बाबा बरे आहेत ना?' एवढंच विचारत होती.

हिशेब असा. ब्रिटनचं लंडन नाशिकच्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास. ऑन्टारियोचं लंडन हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. दोन्ही लंडनमध्ये एरवी पाच तासांचा फरक असतो, वर्षातले काही आठवडे तो चार तासांवर येतो. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये दिलं आहे.

फोनच्या यादीत ऑन्टारियोचं लंडन सापडलं नाही तर टोरोंटो लावा, दोघांचं घड्याळ एकच आहे. अमेरिकेत केंटकी आणि ओहायोमध्येही लंडन नावाची गावं आहेत, म्हणून मुलगी 'लंडन' म्हणाली तरी देश आणि राज्य विचारून घ्याच.

४. हॅमिल्टनच्या विद्यापीठाची मुलाखत आहे. नेटवर तीन वेगवेगळ्या वेळा दिसतात. खरी कोणती?

तिन्ही खऱ्या आहेत, गावंच तीन आहेत. कॅनडातलं हॅमिल्टन ऑन्टारियोत आहे, मॅकमास्टर विद्यापीठ तिथलं. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये वायकाटो विद्यापीठ आहे. तिसरं हॅमिल्टन म्हणजे बर्म्युडाची राजधानी.

जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी नाशिकला सकाळचे दहा वाजलेत असं धरा. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये तेव्हा मंगळवार संध्याकाळचे साडेपाच. बर्म्युडात मंगळवार उजाडायचाय, रात्रीचे साडेबारा. ऑन्टारियोत अजून सोमवारच आहे, रात्रीचे साडेअकरा. म्हणजे चूक तासांची राहत नाही, वाराची होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने तारीख बरोबर लिहिली होती, तासही बरोबर लिहिला होता, पण ती तारीख नाशिकची होती आणि मुलाखत तिकडच्या तारखेला होती. मुलाखतीच्या पत्रावर पत्ता कोणत्या देशाचा आहे ते आधी पाहा, मगच घड्याळाकडे वळा.

५. न्यूकॅसल नाशिकपासून साडेपाच तासांवर आहे, हे बरोबर ना?

बरोबर आहे, आणि म्हणूनच फसवं आहे. इंग्लंडमधलं न्यूकॅसल अपॉन टाइन जानेवारीत आपल्या साडेपाच तास मागे असतं. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्सचं न्यूकॅसल त्याच जानेवारीत आपल्या साडेपाच तास पुढे असतं. जुलैत दोन्ही आकडे साडेचार होतात, एक मागे, दुसरं पुढे. दोन्हीकडे विद्यापीठं आहेत, आणि विद्यापीठांच्या नावांतही न्यूकॅसल आहेच.

एका मुलाची मुलाखत इंग्लंडच्या न्यूकॅसलला होती, आणि सल्लागाराने त्याला 'साडेपाच तासांचा फरक' एवढंच लिहून दिलं होतं. मुलाने वजाबाकी केली, हवी होती बेरीज. तिकडची दुपारी दोनची मुलाखत त्याने इकडच्या सकाळी साडेआठची समजली, वेळेवर तयार होऊन बसला, आणि पलीकडे कोणी नव्हतं. पलीकडची मंडळी येईपर्यंत तो निराश होऊन उठून गेला होता. पुढे मुलाखत पुन्हा मिळाली, पण ती वाट पाहणं टळलं असतं. फरक सांगताना 'मागे' किंवा 'पुढे' हा शब्द जोडल्याशिवाय आकडा सांगूच नये.

६. गेल्या आठवड्यापर्यंत ऑनलाइन वर्ग वेळेवर व्हायचा, मार्चमध्ये अचानक एक तास आधी सुरू झाला. आमचं काय चुकलं?

तुमचं काहीच चुकलेलं नाही, तिकडचं घड्याळ सरकलं. बऱ्याच देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत मागे आणतात. आपल्याकडे ही पद्धत नाही, म्हणून नाशिकहून पाहताना फरकच बदलल्यासारखा वाटतो.

खरी गुंतागुंत अशी की सगळे एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत. अमेरिका आणि कॅनडात बहुतांश ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणून मार्चचे दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरचा एक आठवडा दोन लंडनमधला फरक पाचाऐवजी चार तास होतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात ऋतू उलटे, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. पर्थ आणि ब्रिस्बेनला घड्याळ बदलतच नाहीत. स्कॉटलंडच्या पर्थला मात्र ब्रिटनप्रमाणेच बदलतात, म्हणजे नाव तेच असून नियम वेगळा.

याचं सर्वांत अवघड उदाहरण सॅन होजे. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे घड्याळ बदलतं, कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे बदलत नाही. दोघांत हिवाळ्यात दोन तासांचा फरक, उन्हाळ्यात एकाच तासाचा. नाशिकहून पाहिलं तर कोस्टा रिकाचं सॅन होजे वर्षभर साडेअकरा तास मागे, कॅलिफोर्नियाचं साडेतेरा किंवा साडेबारा.

७. आम्ही दिंडोरीहून द्राक्षं निर्यात करतो. ग्राहक इंग्लंडचा, पण निरोपात 'बॉस्टनची वेळ' लिहितो. अमेरिकेची धरायची का?

इंग्लंडमध्ये लिंकनशर परगण्यात बॉस्टन नावाचं गाव आहे, तो भाग शेतीमालाचाच आहे. ग्राहक इंग्लंडचा असेल तर जवळपास नक्की तेच. हिवाळ्यात ते नाशिकच्या साडेपाच तास मागे, मॅसॅच्युसेट्सचं बॉस्टन साडेदहा तास मागे. पाच तासांत गाडी पॅकहाउसमधून सुटून रस्त्याला लागलेली असते, तेव्हा अंदाजावर जाऊ नका, सरळ विचारा.

तुमच्या हंगामाबद्दल एक सांगते. द्राक्षांची ऐन घाई मार्चमध्ये, आणि घड्याळं सरकतात तीही मार्चमध्येच. नेदरलँड्सचा ग्राहक मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तुमच्या साडेचार तास मागे असतो, त्यानंतर साडेतीन. सोमवारच्या फोनची वेळ आदल्या शुक्रवारीच पक्की करून ठेवा.

८. पत्रात 'सकाळी १० आयएसटी' लिहिलंय. म्हणजे आपलीच वेळ ना?

पत्र भारतातून आलं असेल तर हो, तेव्हा आयएसटी म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइम. आयर्लंडहून आलं असेल तर तिथल्या उन्हाळी वेळेलाही आयएसटी म्हणतात, आणि तिकडचे सकाळचे १० म्हणजे नाशिकचे दुपारी २.३०. इस्राएलचीही प्रमाणवेळ आयएसटीच, तिच्या १० ला आपल्याकडे १.३० वाजतात. डब्लिनच्या पत्रावर आयएसटी दिसलं की लगेच खुलासा मागवा. त्यात डब्लिन कॅलिफोर्नियातही आहे, पण तिकडचं पत्र आयएसटी लिहिणार नाही, तेवढी खूण पुरते.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांचा हाच प्रश्न 'सीएसटी'बद्दल असतो. अमेरिकेच्या मध्य भागाची वेळ सीएसटी आणि चीनची वेळही सीएसटी, दोघांत चौदा तास. चीन आपल्या अडीच तास पुढे. आद्याक्षरांवर माझा अजिबात विश्वास नाही. जीएमटीपासूनचा फरक किंवा शहर-देश लिहून मागावा.

९. मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियाला चाललाय. फरक दीड तास की साडेदहा?

वैद्यकीयला आपल्याकडची मुलं जातात तो जॉर्जिया देश, राजधानी तिबिलिसी. तो नाशिकच्या दीड तास मागे आहे, वर्षभर तेवढाच. साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ, ते अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, अटलांटा जिथे आहे ते.

१०. विमानाच्या तिकिटावरची वेळ कुठली धरायची? आणि चुकून दुसऱ्याच गावाचं तिकीट निघू शकतं का?

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या विमानतळाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावची. त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी करून प्रवासाचे तास काढता येत नाहीत, तास वेगळे छापलेले असतात ते बघा.

दुसऱ्याच गावाचं तिकीट निघू शकतं. ऑस्ट्रेलियाच्या सिडनीला निघालेले प्रवासी कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला उतरल्याचे प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडले आहेत. नाव पाहू नका, तीन अक्षरांचा कोड पाहा. ऑस्ट्रेलियाचं सिडनी एसवायडी, कॅनडाचं वायक्यूवाय. व्हिक्टोरियाचं मेलबर्न एमईएल आणि फ्लोरिडाचं मेलबर्न एमएलबी, हे दोन कोड इतके सारखे दिसतात की चष्मा लावूनच वाचावेत. ओझरच्या आपल्या विमानतळाचा कोड आयएसके आहे, त्यात नाशिकचा 'एन' शोधत बसू नका.

११. सून लंडनला आहे. संकष्टीचा चंद्रोदय तिने आपल्या दिनदर्शिकेतला धरायचा का?

नाही. चंद्रोदय आणि सूर्योदय ज्या त्या गावचे. तिने आपल्या गावचा चंद्रोदय पाहून उपास सोडायचा, आणि ते शोधताना लंडन ब्रिटनचं की ऑन्टारियोचं हे नीट निवडायचं. यादी चुकली तर चंद्र नसताना ताट वाढलं जाईल.

तिथीचं वेगळं आहे. तिथी संपते तो क्षण साऱ्या जगात एकच, फक्त घड्याळं वेगवेगळी. आपल्याकडे एखादी तिथी सकाळी सहाला संपत असेल, तर हिवाळ्यात ऑन्टारियोत ती आदल्या संध्याकाळी साडेसातलाच संपते. म्हणून तिकडे व्रताची तारीख कधी कधी एक दिवस आधी येते. 'आमच्याकडे उद्या, तुमच्याकडे आजच कसं?' यावरून सासू-सुनेत गैरसमज झालेले मी पाहिले आहेत. दोघीही बरोबर असतात.

१२. पत्रिका काढताना यादीत औरंगाबाद दोन दिसतात. वेळ तर भारतभर एकच आहे, मग कोणतंही निवडलं तर काय बिघडतं?

घड्याळ एकच असलं तरी आकाश एक नाही. पूर्वीचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि बिहारमधलं औरंगाबाद यांच्यात सुमारे नऊ रेखांश आहेत. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे ३६ मिनिटं. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांनी बदलतं, त्यामुळे ३६ मिनिटांनी ते पुढच्या राशीत जाऊ शकतं. बिलासपूरही असंच हिमाचलात आणि छत्तीसगडमध्ये आहे. यादीत जिल्हा आणि राज्य पाहूनच निवडा.

जुन्या पत्रिकांना आणखी दोन अडचणी. मुंबई शहरात 'बॉम्बे टाइम' नावाची वेगळी वेळ १९५५ पर्यंत वापरात होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्याआधी मुंबईत जन्मलेल्या आजोबांची जन्मवेळ कोणत्या घड्याळाची, हे घरातल्या थोरांना विचारायलाच हवं. दुसरं, महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या तीन वर्षांतल्या जन्मवेळांत हा तास मोजायला हवा, नाशिकच्या जन्मांसाठीसुद्धा.

नातवंडं परदेशात जन्मली असतील तर तिथलीच स्थानिक वेळ आणि तिथलंच गाव द्या. आधी भारतीय वेळेत बदलून मग यादीतून परदेशी गाव निवडलं तर फरक दोनदा धरला जातो.

१३. अर्जाची मुदत 'रात्री ११.५९' आहे, केंब्रिजला अर्ज करतोय. नाशिकला किती वाजेपर्यंत?

इंग्लंडचं केंब्रिज असेल तर हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९ पर्यंत. मॅसॅच्युसेट्सचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२९ पर्यंत. काही परिषदा आणि स्पर्धा 'एनिव्हेअर ऑन अर्थ' असं लिहितात, म्हणजे जगात कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत. तेव्हा नाशिकला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ पर्यंत वेळ मिळतो. हिशेब येत असला तरी मुलांना मी आदल्या दुपारीच अर्ज पाठवायला लावते. गंगापूर रोडची वीज मुदत बघून जात नाही.

१४. निरोप कसा लिहावा म्हणजे गोंधळच होणार नाही?

वार, तारीख, दोन्हीकडच्या वेळा, आणि गावाबरोबर राज्य व देश. मी मुलांना हा नमुना देते:

'मंगळवार, १३ जानेवारी. नाशिक, भारत: संध्याकाळी ७.३०. हॅमिल्टन, ऑन्टारियो, कॅनडा: त्याच दिवशी सकाळी ९.००. काही वेगळं दिसत असल्यास कृपया कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. चूक असली तर समोरचा लगेच कळवतो, आणि कळवायला त्याला संकोच वाटत नाही. रात्री बारा लिहायची वेळ आली तर ११.५९ किंवा १२.०१ लिहा, कारण 'मंगळवारी रात्री बारा' यात मंगळवार सुरू होतोय की संपतोय हे कुणालाच नक्की कळत नाही.

१५. आईला स्मार्टफोन जमत नाही. तिच्यासाठी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं तर चालेल का?

उत्तम चालतं. आमच्याकडे तेच आहे. फक्त सेलवरचं घड्याळ आपोआप सरकत नाही, ते वर्षातून दोनदा हाताने फिरवावं लागतं. ऑन्टारियोसाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे. तिकडे मध्यरात्रीनंतर दोनला बदलतं, तेव्हा नाशिकला रविवार दुपारचे साडेबारा झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा. नवी दिनदर्शिका आली की आई आधी हे दोन रविवार लाल पेनाने गोल करून ठेवते. त्या दिवशी वरणाचा कुकर उतरवून ती स्टुलावर चढते, आणि आम्ही कोणीतरी स्टूल धरून उभे राहतो.